तिला सामुराईची तलवार म्हणू नका

मंडळी, आज जरा भांडायला बसलो आहे. भांडण कुणा एका माणसाशी नाही, एका शब्दाशी आहे. दुसऱ्या महायुद्धातली जपानी तलवार दिसली रे दिसली की लोक तिला 'सामुराईची तलवार' म्हणतात. विकणारा म्हणतो, घेणारा म्हणतो, आणि घरी आलेला पाहुणाही चहाचा कप हातात धरून तेच म्हणतो. त्याच्या जोडीला दुसरा शब्द ठरलेला, 'दुर्मिळ'. माझे म्हणणे असे की यातला पहिला शब्द बहुतेक वेळा खोटा असतो आणि दुसरा भलत्याच तलवारीला लावलेला असतो. आणि हे खोटे वाटते तितके निरुपद्रवी नाही.

आता नातेवाईक मंडळी विचारणार, "मास्तर, तुम्ही आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलात, तुमचा जपानी तलवारींशी संबंध काय?" संबंध भाच्यामुळे आला. तो मेलबर्नला असतो. ऑस्ट्रेलियात या तलवारी पुष्कळ, कारण तिथले सैनिक युद्धावरून परतताना त्या घेऊन आले. आता त्यांची नातवंडे माळे आवरतात आणि तलवारी लिलावात येतात. भाच्याने दोन-तीन घेतल्या आणि मला फोटो पाठवले. "मामा, तुम्ही मोडी वाचता ना, मग हेही वाचा." मोडीचा आणि जपानीचा संबंध काय, तर दोन्ही त्याला वाचता येत नाहीत! पण मला नाद लागला. वहीत चाळीसेक जपानी अक्षरे गिरवली. भिंग घेऊन फोटो पाहू लागलो. सौ. म्हणते, "सत्तरी उलटली आणि बाराखडीपासून सुरुवात." असो.

तर मुद्द्याकडे येतो.

जपानमध्ये तलवार कमरेला लावून फिरण्याचा सामुराईंचा हक्क १८७६ साली गेला. मेइजी सरकारने हुकूम काढला आणि सैनिक, पोलीस असे मोजके लोक सोडून बाकीच्यांना तलवार लावून बाहेर पडायला बंदी केली. तलवारी घडवणाऱ्या कारागिरांच्या पोटावर पाय आला. नव्या सैन्याने तर युरोपच्या धर्तीची तलवार घेतली. तिच्या मुठीला बोटांवरून वळणारी धातूची कडी असे, म्हणजे आपण इंग्रज अधिकाऱ्यांच्या चित्रांत पाहतो तशी. पुढची पन्नासेक वर्षे जपानी अधिकाऱ्याच्या कमरेला ही विलायती वळणाची मूठ होती.

मग १९३४ साल आले. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला होता, १९३३ मध्ये राष्ट्रसंघातून बाहेर पडण्याची घोषणा केली होती, आणि देशात लष्कराचा शब्द चालू लागला होता. त्या वर्षी भूदलाने अधिकाऱ्यांसाठी तलवारीचा नवा नमुना ठरवला. त्याला 'शिन गुन्तो' म्हणजे नवी लष्करी तलवार म्हणतात. विलायती कडी गेली. मध्ययुगातल्या तलवारीसारखी लांब मूठ, तिच्यावर गोफासारखी गुंडाळलेली फीत, गोल चकती आणि जागोजागी चेरीच्या फुलांची नक्षी आली. १९३७ मध्ये आरमारानेही आपला तसाच नमुना काढला. १९३८ मध्ये भूदलाचा नमुना थोडा सुटसुटीत झाला.

म्हणजे बघा, जिला पाहून आपण 'केवढी पुरातन!' म्हणतो, तिने पुरातन दिसावे हा निर्णय १९३४ सालच्या सरकारी कागदावर झालेला आहे. सक्तीने भरती केलेल्या शेतकऱ्यांच्या आणि कारकुनांच्या मुलांना, त्यांच्या अधिकाऱ्यांना आणि त्यांच्यामागच्या जनतेला वाटावे की आपण हजार वर्षांच्या योद्ध्यांचे वारस आहोत, यासाठी तो पोशाख होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवीतला मुलगा मावळ्याचा वेष करून येतो. छान दिसतो, आपण टाळ्या वाजवतो. पण हजेरीपटावर त्याचे नाव तानाजी मालुसरे असे लिहीत नाही.

हे झाले वरच्या पोशाखाचे. आता पात्याकडे या.

जपानी तलवारीची जी कीर्ती आहे ती एका विशिष्ट पद्धतीची. लोहयुक्त वाळू कोळशाच्या भट्टीत वितळवून काढलेले पोलाद, त्याच्या घड्या घालून घालून ठोकणे, पात्यावर मातीचा लेप देऊन तापवणे आणि मग पाण्यात बुडवणे. आपल्याकडेही 'पाणी दिलेले पाते' हा शब्द आहेच. या पद्धतीने एक पाते व्हायला फार वेळ लागतो आणि पाण्यात बुडवताना पाते तडकतेही. सैन्य वाढू लागले, चीनमध्ये १९३७ पासून उघड युद्ध पेटले, तेव्हा एवढ्या अधिकाऱ्यांना अशी पाती कुठून मिळणार? मग गिफू प्रांतातल्या सेकीसारख्या गावांत, जिथे सुऱ्या-चाकू करण्याची जुनी परंपरा होती, गिरणीचे तयार पोलाद घेऊन, तेलात थंड करून पाती निघू लागली. अशा पात्याला 'शोवातो' म्हणतात, म्हणजे शोवा राजवटीतली तलवार. मूठ काढली की आतल्या भागावर बऱ्याचदा तपासणीचा लहानसा शिक्का दिसतो. कुठे 'शोवा'चे एक अक्षर, कुठे 'सेकी'चे.

हवालदार दर्जाच्या सैनिकांची तलवार तर आणखी सरळ. १९३५ सालचा नमुना. पाते यंत्रावर केलेले, मूठ बहुतेक ॲल्युमिनियमची ओतीव आणि वर रंग असा दिलेला की लांबून फीत गुंडाळल्यासारखी वाटावी! पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला आणि म्यानावरही. अधिकारी आपली तलवार आपल्या पैशाने विकत घेत असे. हवालदाराची तलवार मात्र सरकारी मालमत्ता, आमच्या शाळेच्या बाकांवर नंबर असत तशी.

याला अपवाद होते, आणि ते सांगितलेच पाहिजेत. टोकियोच्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात १९३३ पासून १९४५ पर्यंत जुन्या पद्धतीने सुमारे ८,१०० तलवारी घडवल्या गेल्या. त्यांच्यासाठी शिमाने प्रांतात वाळूतून पोलाद काढणारी जुन्या धर्तीची भट्टी पुन्हा पेटवली होती. कोबेच्या मिनातोगावा देवस्थानात आरमारी अधिकाऱ्यांसाठी अशाच तलवारी झाल्या. भूदलाने मान्यता दिलेल्या काही कारागिरांच्या पात्यावर ताऱ्याचा शिक्का असतो. तेही हाताने घडवलेले काम. आणि काही अधिकाऱ्यांनी वाडवडिलांचे जुने पाते नव्या मुठीत बसवून नेले. तेव्हा लष्करी मुठीच्या आत तीनशे वर्षांचे पातेही निघू शकते. म्हणून तर ओळख पटवणे हे काम आहे, अंदाजपंचे सांगण्याची गोष्ट नाही.

ओळख पटवायची कशी? मुठीतली बांबूची बारीक खुंटी अलगद काढायची, मूठ सरकवायची आणि आतला लोखंडी भाग वाचायचा. कारागिराचे नाव, कधी सालही. साल काढणे सोपे आहे, चौथीच्या मुलाला येईल. शोवाच्या वर्षात १९२५ मिळवा. शोवा १७ म्हणजे १९४२. कानशीच्या रेघा कुठल्या दिशेने आहेत ते बघायचे, आणि गंजाचा रंग बघायचा. जुना गंज काळपट आणि गुळगुळीत असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे, तो गंज घासायचा नाही! पितळेचा तांब्या चिंचेने लखलखीत करावा तसे हे करायला गेलात तर तलवारीचा जन्मदाखलाच पुसला जाईल.

आता माझा खरा राग ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडे येतो. ते तीन प्रकारचे लोक आहेत.

पहिले, शिक्का घासून काढणारे. कारखान्याचा शिक्का असला की भाव पडतो, म्हणून कानस घेऊन तो उडवायचा आणि पाते 'हातघडीचे' म्हणून खपवायचे. धारेजवळ जी ढगासारखी रेषा खऱ्या पात्यात पाणी देताना उमटते, ती आम्लाने वरवर काढायची. त्यावर नकला करणारे आहेतच. हवालदारी तलवारीच्या नकला तर ढिगाने मिळतात, ओबडधोबड ओतीव मूठ आणि पात्यावर कसेतरी खोदलेले आकडे. पण मला नकली तलवारीपेक्षा शिक्का घासलेल्या खऱ्या तलवारीचे जास्त वाईट वाटते. नकली वस्तू मुळातच खोटी. इथे मात्र खऱ्या साक्षीदाराची जीभ कापली जाते.

दुसरे, सोवळे रसिक. यांच्या लेखी १८७६ नंतरचे बहुतेक सगळे भंगार. हा सोवळेपणा जपानच्या कायद्यातही आहे. तिथे तलवार बाळगायची तर कलावस्तू म्हणून तिची नोंदणी व्हावी लागते. पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या पात्याची होते, यंत्रावरच्या युद्धकालीन पात्याची होत नाही. आजोबांच्या ट्रंकेत अशी तलवार सापडली तर तिची रवानगी नष्ट करण्याकडे. शस्त्रांवर कडक नियंत्रण हवे हे मला मान्य आहे. पण सुंदर ते ठेवायचे आणि कुरूप ते वितळवायचे, असा नियम इतिहासाला लावला की शंभर वर्षांनी काय दिसेल? संग्रहालयात फक्त देखणी पाती दिसतील आणि पाहणाऱ्याला वाटेल की जपानचे युद्ध म्हणजे कारागिरांचा मेळावा होता. ॲल्युमिनियमच्या मुठीची, रंग उडालेली, नंबर ठोकलेली तलवारच खरे सांगते की ते कारखान्यांचे आणि हुकमांचे युद्ध होते.

तिसरे, 'फक्त कला' म्हणणारे. "आम्हाला राजकारणात पडायचं नाही हो, आम्ही पोलाद बघतो." मग पोलादच बघा. साउथ मांचुरिया रेल्वे या कंपनीने, म्हणजे मांतेत्सूने, मांचुरियातल्या पोलादापासून तलवारी केल्या. दर्जा उत्तम, संग्राहकांत मोठी मागणी. त्यांच्यावर कोरलेले असते 'कोआ इश्शिन', म्हणजे आशियाच्या उत्थानासाठी एकचित्त. शब्द गोड आहेत. पण ज्या भूमीचे पोलाद होते ती बळकावलेली, आणि ज्या आशियाचे उत्थान करायचे होते त्याच आशियाच्या अंगावर ती तलवार चालून गेली. ते राजकारण मी आणलेले नाही, ते पात्यावर कोरून आले आहे.

१९३७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात टोकियोच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने दोन तरुण अधिकाऱ्यांची बातमी चालवली. नानजिंगच्या वाटेवर तलवारीने शंभर माणसे आधी कोण मारतो याची शर्यत! क्रिकेटचा धावफलक द्यावा तसे आकडे छापले. त्या बातमीतला तपशील कितपत खरा यावर पुढे खूप वाद झाले. त्या दोघांना १९४८ मध्ये नानजिंगला देहदंड झाला. पण ती बातमी शौर्य म्हणून छापली गेली आणि वाचली गेली, यात वाद नाही. सामुराई या शब्दाची धुंदी काय करते ते तिथे दिसते.

२४ ऑक्टोबर १९४३ रोजी न्यू गिनीतल्या ऐतापे इथे किनाऱ्यावर लेनर्ड सिफलीट या ऑस्ट्रेलियन सार्जंटचा शिरच्छेद झाला. त्या क्षणाचे छायाचित्र उपलब्ध आहे. डोळे बांधलेला, गुडघे टेकलेला कैदी आणि वर उचललेली तलवार. १९४४ मध्ये ते छायाचित्र अमेरिकन सैन्याला एका मृत जपान्याजवळ मिळाले. त्याच न्यू गिनीत सिंगापूरला पकडलेले आपले हजारो भारतीय सैनिक युद्धकैदी म्हणून मजुरीला नेले होते. उपासमार, रोग, मारहाण आणि हत्या यांतून फार थोडे वाचले. त्यांतले चिंत सिंग साक्ष द्यायला मागे थांबले म्हणून जगले, कारण त्यांच्यासोबत सुटलेले दहा जण नोव्हेंबर १९४५ मध्ये परतीच्या वाटेवर विमान कोसळून गेले. अशी माणसे साक्ष देऊन गेली, आणि आपण त्याच सैन्याची तलवार भिंतीवर लावून खाली 'योद्ध्याचा आत्मा' अशी पाटी लावायची?

इथे कुणी म्हणेल, "मास्तर, प्रत्येक तलवारीने कुणाचा गळा कापला असं थोडंच आहे?" अगदी बरोबर. पुष्कळशा तलवारी मशीनगनच्या जमान्यात कमरेला लटकणारी दर्जाची खूण एवढ्याच होत्या. म्हणूनच मी म्हणतो, तिच्यावर पराक्रमही लादू नका आणि पापही लादू नका. जे सिद्ध होते तेवढे लिहा.

दुसरा कुणी म्हणेल, "एवढं वाईट आहे तर वितळवून टाका ना!" नाही. शत्रूची तलवार पराभवानंतर काय झाली हाही इतिहासच आहे, आणि त्यात आपली माणसे आहेत. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत मराठा पलटणीची चौथी बटालियन होती. १९४५ मध्ये आग्नेय आशियात माउंटबॅटन यांनी आग्रह धरला की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी सर्वांसमक्ष उतरवून द्याव्यात, म्हणजे त्या अजिंक्यपणाच्या कथेचा शेवट सगळ्यांना दिसेल. पुढे १९४६ मध्ये मराठा पलटणीची पहिली बटालियन ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनबरोबर प्रत्यक्ष जपानमध्ये होती. कराड-सातारा-कोकणातली आपली पोरे जपानच्या खेड्यांत बंदोबस्त करत होती हे आपल्याच घरांत किती जणांना माहीत आहे? आणि त्या डिव्हिजनच्या ताब्यातल्या प्रांतांत शिमानेही होता, जिथे यासुकुनीच्या तलवारींसाठी भट्टी पेटवली होती! वस्तू वितळली की असले धागेही वितळतात.

'दुर्मिळ' या शब्दाचेही आता सांगून टाकतो. होन्जो मासामुने ही तोकुगावा घराण्याची विख्यात तलवार युद्धानंतर टोकियोच्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केली गेली आणि तिथून जी गेली ती गेलीच. तिच्या नावाने आजही विकणारे गिऱ्हाइकाला बोटावर नाचवतात, "कोण जाणे साहेब, हीच असली तर?" याउलट वॉल्टर कॉम्प्टन या अमेरिकन संग्राहकाची गोष्ट घ्या. त्यांच्याकडे आलेले एक पाते कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानातून युद्धानंतर गहाळ झालेली कुनिमुनेची तलवार आहे हे कळले. १९६३ मध्ये त्यांनी ती मोबदला न घेता परत केली. ओळख पटवण्याच्या विद्येचे फळ हे असे असावे. किंमत वाढवणे एवढाच उपयोग असेल तर ती विद्या नव्हे, दलाली.

आणि माझ्या मते दुर्मिळ काय? म्यानाचा आणि पात्याचा नंबर जुळणारी साधी हवालदारी तलवार. दर्जा सांगणारा गोंडा मूळचा राहिलेली तलवार. आणि सगळ्यांत दुर्मिळ, जिच्याबरोबर शरण येताना बांधलेली नावाची चिठ्ठी शिल्लक आहे अशी तलवार. ती चिठ्ठी 'मळकट दिसते' म्हणून काढून टाकणारे लोक आहेत, मंडळी! एका माणसाचे नाव त्यांनी कचऱ्यात टाकलेले असते.

नावे खरी ठेवण्यात कमीपणा नसतो. आपल्याकडच्या कितीतरी तलवारींचे पाते युरोपातून आलेले आणि मूठ इथली. आपण त्यांना काय म्हणतो? फिरंग. परदेशी पाते आहे हे नावातच सांगून टाकले, काही लपवले नाही. त्याने मराठ्यांची अब्रू गेली का? 

तेव्हा भाच्यासारख्या हौशी मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे. गंज घासू नका, शिक्का झाकू नका, चिठ्ठी फेकू नका. तलवारीखाली पाटी लावायची असेल तर ती अशी लावा: "जपानी भूदलाच्या अधिकाऱ्याची तलवार, १९३८ चा नमुना. पाते कारखान्यातले, सेकी, १९४२. दुसऱ्या महायुद्धातली." पाहुणा विचारील, "म्हणजे सामुराईची नाही?" तेव्हा त्याला बसवून घ्या, आणखी एक चहा सांगा, आणि १८७६ पासून सुरुवात करा.